सातपुड्यात गाडी घेऊन निघताना

पावसाळा सुरू झाला की पुरुषोत्तमनगरात आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत तोच पुन्हा येतो. नाशिक, पुणे, सुरतेहून नातेवाईक विचारतात, "तोरणमाळ तुमच्याकडून किती लांब?" शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, असं सांगितलं की पलीकडे लगेच हिशेब होतो. म्हणजे तासाभराचा रस्ता. दुपारी जेवून निघू, तलावावर चहा घेऊ, रात्रीच्या जेवणाला परत.

उत्तर खरं असतं, हिशेब चुकतो. म्हसावदपर्यंत रस्ता सपाट आहे आणि हे अंतर कसं संपलं ते कळतही नाही. पुढे डोंगर लागतो. वळणं, गुरं, समोरून येणारी भरगच्च जीप, पावसाळ्यात धुकं. त्यात खाली उतरताना अंधार पडला तर ज्याने हा घाट कधी पाहिलेला नाही, त्याची परीक्षाच असते. म्हणून तुम्हाला एकच मोजमाप सांगतो. सातपुड्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, हातात किती उजेड आहे त्यावर मोजा. सूर्य मावळायच्या आत एकतर वर मुक्कामाला पोचलेले असा, नाहीतर खाली सपाटीला लागलेले असा. बाकीचं सगळं यावर बेतायचं.

आधी वाट ठरवा

शहाद्याला रेल्वे नाही. गाडीने येणार असाल तर ठीक, नाहीतर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार किंवा दोंडाईच्याला उतरून पुढे रस्त्याने यावं लागतं. शहाद्यात आल्यावर मुख्यतः चार वाटा आहेत.

- तोरणमाळ: शहादा, लोणखेडा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. माथा साडेअकराशे मीटरच्या आसपास. यशवंत तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, सीताखाई, खडकी पॉइंट. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हीच वाट घ्यावी आणि एक रात्र वर राहावं.
- तापीकाठ: प्रकाशा आणि सारंगखेडा. घाट नाही, चढ नाही. घरात वयस्कर माणसं असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर हीच वाट. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला आम्ही दक्षिण काशी म्हणतो. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही देवळं निवांत बघायला अर्धा दिवस पुरतो.
- तळोदा, चांदसैली घाट, धडगाव: सर्वांत देखणी आणि सर्वांत बेभरवशाची वाट. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात. २०२१ च्या सप्टेंबरात दरडीमुळे घाट बंद असताना एका माणसाला आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघावं लागलं आणि ती वाटेतच गेली. सहलीला येणाऱ्यासाठी बंद घाट म्हणजे एक दिवस वाया. धडगावकरांसाठी तो दवाखान्याचा रस्ता आहे. म्हणून अरुंद वळणावर फोटोसाठी गाडी लावू नका.
- अक्कलकुवा, देवगोई घाट, मोलगी: श्रावणात धबधब्यांसाठी लोक येतात. अक्कलकुव्याहूनच सागबारा-डेडियापाडामार्गे गुजरातेत केवडियाला जाता येतं.

चारही वाटा दोन दिवसांत उरकायचा बेत करणारे दरवर्षी भेटतात. संध्याकाळी त्यांच्या लक्षात फक्त गाडीची सीट राहिलेली असते. दोन दिवस असतील तर तोरणमाळ आणि परतीला प्रकाशा, एवढंच करा.

मुक्कामाचं आधी पक्कं करा. तोरणमाळला पर्यटन महामंडळाची आणि वनखात्याची सोय असते, पण ती कुणाकडे चालवायला आहे, चालू आहे की दुरुस्तीला, हे निघण्याच्या आठवड्यात फोन करून विचारा. ऑनलाइन बुकिंगची पावती हातात असली तरी विचारा. जेवणाची वर्दीही आधी द्यावी लागते. ऐन वेळी दहा माणसांचा स्वयंपाक कुणी करून देणार नाही, आणि तसा हट्ट धरूही नये.

कधी यायचं, कधी टाळायचं

हिरवळ आणि पाणी बघायचं असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. रस्ता कोरडा, हवा थंड आणि सीताफळं हवी असतील तर दिवाळीच्या आगेमागे. एप्रिल-मेमध्ये खाली शहादा-तळोद्याकडे ऊन असह्य होतं, वर रात्री बऱ्या जातात. पण तेव्हा डोंगर उघडे असतात आणि पाण्याची वर टंचाई असते. वरच्या बायकांनी डोक्यावर आणलेलं पाणी तुमच्या आंघोळीला वापरलं जातं, हे ध्यानात ठेवा.

चार वेळा गर्दी असते: महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा, दिवाळीत अस्तंब्याची यात्रा, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार. यात्रा बघायलाच येणार असाल तर खुशाल या, पण मग गाडी लांब लावून पायी चालायची तयारी ठेवा. शांतता हवी असेल तर या तारखा आधी कॅलेंडरवर बघा. मोलगीजवळच्या काठीची होळी रात्रभर चालते. तिथे गेलात तर उजाडेपर्यंत तिथेच थांबा. झोपाळलेल्या डोळ्यांनी पहाटे घाट उतरू नका.

उसाच्या ट्रॉल्या

बाहेरून येणाऱ्याला हा धोका माहीतच नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. म्हणजे तुमच्या सहलीचा मोसम आणि आमच्या उसाचा मोसम एकच.

त्या महिन्यांत या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर चालतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींवर मोळ्या रचलेल्या. ऊस बाजूला आणि मागे हातभर बाहेर आलेला असतो. मागचा दिवा असलाच तर मोळ्यांखाली झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने चालू असतात, तुमचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही.

रात्री ट्रॉलीचं चाक निखळलं किंवा आटा तुटला की ती आहे तिथेच, भर रस्त्यात उभी राहते. मागून येणाऱ्याला इशारा म्हणून चालक रस्त्यावर दगड मांडतो, जवळपासची फांदी तोडून आडवी टाकतो. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. एका डिसेंबरात शहाद्याहून घरी येताना माझ्या गाडीचं पुढचं चाक अशाच दगडावर चढलं. टायर फाटलं, रिम वाकली, गाडी खड्ड्यात जाता जाता राहिली. वेग चाळीसच्या आत होता म्हणून निभावलं. तेव्हापासून रात्री रस्त्यात फांदी किंवा दगड दिसला की मी पाय आधी ब्रेकवर ठेवतो. त्याच्यापुढे काहीतरी उभं असतं, किंवा थोड्या वेळापूर्वी होतं.

- दोन ट्रॉल्यांना ओलांडताना एका वाहनाएवढी नाही, तीन वाहनांएवढी मोकळी जागा समोर हवी. वळणावर, पुलावर, चढावर ओलांडू नका.
- अगदी चिकटून मागे चालू नका. मोळी सुटून पडते.
- समोरून दिव्यांचा झोत येत असेल तर वेग कमी करा. त्या झोताच्या अलीकडे बिनदिव्याची ट्रॉली किंवा बैलगाडी असू शकते.
- शेतातून रस्त्यावर आलेला चिखल आणि पडलेलं पाचट यावर दुचाकी घसरते.

या ट्रॉल्यांवर, बैलगाड्यांवर ऊसतोड करणाऱ्यांची लेकरंही झोपलेली असतात. हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे जाण्यापेक्षा दोन मिनिटं थांबा.

घाट चढताना, उतरताना

नियम साधा आहे. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक तापल्याचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका. धुक्यात दिवे खाली ठेवा आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही.

फरशी पुलावर पाणी असेल तर

सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांवर आमच्याकडे अजून कितीतरी फरशी पूल आहेत. इथे आभाळ निरभ्र असतं, पाऊस वर डोंगरात पडून गेलेला असतो आणि पाणी एकदम येतं. कडेला उभा असलेला एखादा पोरगा सांगतो, "जा बिनधास्त, गुडघाभर तर आहे." त्याचं ऐकू नका.

टेक्सासच्या डोंगराळ भागात नेमके असेच बसके पूल आहेत. तिथे पुलाशेजारी पाण्याची खोली दाखवणारी पट्टी उभी केलेली असते आणि पाणी दिसलं तर मागे फिरा, असं सरकार लोकांना वर्षानुवर्षं बजावतं. एवढं असूनही ४ जुलै २०२५ च्या पहाटे तिथल्या ग्वाडालूप नदीला असा लोंढा आला, की त्या पुरात शंभराहून अधिक माणसं गेली. अमेरिकन हवामान खात्याचा हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे: वाहतं पाणी सहा इंच असेल तर मोठ्या माणसाचे पाय सुटतात, एक फूट असेल तर छोटी कार वाहू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. तुमच्या कारच्या टायरची उंची दोन फुटांच्या आसपास असते. आमच्या पुलांना पट्ट्या नाहीत, म्हणून नियम आणखी कडक ठेवा. पुलाची फरशी दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. डोंगरी पूर बहुधा काही तासांत ओसरतो, तेवढं थांबा.

कागदपत्रं

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स, एवढी चार. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली प्रत कायद्याने चालते, १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच तशी तरतूद आहे. मूळ कागदच दाखवा, असा आग्रह कुणी धरू शकत नाही. पण घाटात रेंज नसते आणि ॲप उघडत नाही. म्हणून निघण्याआधीच कागद फोनमध्ये उतरवून घ्या किंवा सरळ मूळ प्रती जवळ ठेवा. दंड भरावा लागला तर ई-चलन मागा. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

पेट्रोल-डिझेल शहाद्यातच पूर्ण भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा. वर यूपीआय चालेल या भरवशावर जाऊ नका, आणि एटीएम असलं तरी त्यात पैसे असतील असं नाही. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, पण जिथे नकाशा जवळची आडवाट दाखवेल तिथे थांबून एखाद्या एसटी चालकाला विचारा. तो रोज जातो.

भाड्याची गाडी आणि परदेशी लायसन्स

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. स्वस्त पडते, पण खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालत होती असं निघालं तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. मध्य प्रदेशात खेतिया-सेंधव्याकडे किंवा गुजरातेत जाणार असाल तर त्या गाडीचं पर्यटन परमिट तिथे चालतं ना, हे ठरवतानाच विचारा. नाहीतर सीमेवरचा दंड तुमच्या खिशातून मागितला जातो.

दुसरा गोंधळ सुट्टीला आलेल्या मुलांचा. शहादा-शिरपूर भागातल्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. डॅलस-ऑस्टिनला रोज गाडी चालवणारा मुलगा इथे आल्यावर साहजिकच चावी मागतो.

- नुसतं टेक्सासचं लायसन्स पुरत नाही. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं, आणि ते तिथूनच काढून आणावं लागतं. इथे आल्यावर मिळत नाही.
- जुनं भारतीय लायसन्स असेल तर त्याची मुदत बघा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते लायसन्स नसल्यासारखंच आहे, पूर्वीची तीस दिवसांची सवलत आता नाही. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.
- कागद ठीक असले तरी तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवय झालेली असते. पहिला दिवस प्रकाशापर्यंत चालवू द्या. घाट नंतर.

दोन सीमा, एक चूक

आमच्या एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला गुजरात. खेतियात दारू स्वस्त मिळते म्हणून येताना डिकीत दोन-चार बाटल्या टाकणारे असतात. परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. अक्कलकुव्याहून केवडियाला जाणाऱ्यांनी तर महाराष्ट्रात घेतलेली बाटलीही गाडीत ठेवू नये, गुजरातेत दारूबंदी आहे. पिऊन चालवण्याला पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तुमचे हक्क

पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला हवं, तिथे इंधन भरलं नाही तरीही. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर चावी मागा, बायकांना आडोसा शोधायला लावू नका. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा म्हणा. पंपावर ते माप असतंच आणि तक्रारवहीही असते.

महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३. हा क्रमांक फक्त राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, तोरणमाळच्या घाटात तो उपयोगाचा नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

रस्त्यात जखमी दिसला तर लोक पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, त्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुम्ही जखमीला दवाखान्यात पोचवलंत तर नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. त्याच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत. अपघातातल्या जखमीसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस उपचार योजना आहे: अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत. नोंदलेल्या दवाखान्यात "या योजनेत घ्या" असं स्पष्ट सांगा.

तुमचाच अपघात झाला तर गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, पोलिसात नोंद करा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. "आपसात मिटवू" म्हणून कोऱ्या कागदावर सही देऊ नका. इजेच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

पाड्यावर थांबाल तेव्हा

घाटातली वस्ती पावरा आणि भिल्ल समाजाची आहे. घरं शेतात, एकेकटी. अंगण कुंपणाशिवाय दिसलं म्हणून ते सार्वजनिक होत नाही. विचारून आत जा, विचारून फोटो घ्या. "नको" म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवा. भोंगऱ्या बाजारात नटूनथटून आलेल्या मुलींचे फोटो काढून "इथे मुली पळवून लग्न लावतात" असल्या मजकुरासह पसरवण्याचे प्रकार होतात. भोंगऱ्या हा होळीच्या आधीचा बाजार आहे, लोक सणाच्या खरेदीला येतात. हार-कंकण, गूळ-डाळ्या घेतात, ढोलावर नाचतात. त्या मुलींच्या जागी आपल्या घरातली मुलगी असती तर आपण तो फोटो पसरवला असता का, एवढं मनाला विचारा.

रस्त्याकडेला मुलांना चॉकलेटं फेकू नका. त्यापेक्षा त्यांच्या आईकडून सीताफळं घ्या, उन्हाळ्यात आमचूर घ्या आणि भाव करताना हात आखडता घेऊ नका. टोपलीभर सीताफळं काट्याकुट्यातून वेचून, डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायला तिची सकाळ गेलेली असते.

परतीच्या वाटेवर

हिवाळ्यात नंदुरबारमार्गे परतणार असाल तर शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या बघायला तासभर राखून ठेवा. एकरच्या एकर जमिनीवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते आणि बायका तोंडाला फडकं बांधून, ओणव्याने ती निवडत, उलटत असतात. जवळ गेलं की पहिल्या श्वासालाच ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना गाडीतच, काचा लावून बसवा. मिरचीवरून चालू नका. मिरची घ्यायची असेल तर मूठभर हातात घेऊन हलवून बघा. वाळलेली असेल तर आतलं बी खुळखुळतं. ओलसर असेल तर वजनाला भरते आणि घरी गेल्यावर डब्यात बुरशी धरते. आणि ती पिशवी डिकीत ठेवा, सीटवर नको. काचा बंद केल्यावर धुळ्यापर्यंत सगळे खोकत जातात.